कुटुंबवत्सल

घरात एक मराठीचा प्राध्यापक असला, की लग्नपत्रिकेपासून तेरवीच्या पत्रापर्यंत सारा छापील मजकूर त्याच्या गळ्यात पडतो. यंदाच्या आषाढात आमचे मामा गेले आणि स्थानिक वर्तमानपत्रात द्यावयाच्या निवेदनाचा कागद रीतीप्रमाणे माझ्यापुढे आला. वयाची एक्याऐंशी वर्षे, माजी सैनिक, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे. हात सवयीने चालत होता आणि सवयीनेच मी लिहून गेलो, 'कुटुंबवत्सल.'

लिहिलेले मामीला वाचून दाखविले. तिने सारे ऐकून घेतले आणि नेमक्या त्या शब्दावर बोट ठेवले.

"बापू, हे कुटुंबवत्सल म्हंजे काय रे?"

"म्हणजे घरच्या माणसांवर माया करणारा."

"मंग तसं लेह ना. त्याईले हा शब्द समजला नसता."

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची याहून मोठी फजिती कोणती व्हावी? वर्षानुवर्षे मृत्युवार्तांतून हा शब्द आपण वाचतो आणि न थांबता पुढे जातो. शिरस्तेदार गेला, कुटुंबवत्सल. किराणा दुकानदार गेला, कुटुंबवत्सल. ज्याने बायकोशी आयुष्यभर धड चार शब्द बोलले नाहीत, तोही गेल्यावर कुटुंबवत्सलच. नाणे इतके फिरले आहे की त्यावरचा छाप पार पुसला गेला.

या सदराचे नेहमीचे वाचक मला ओळखतात. शब्द दिसला की त्याचे मूळ उकरायचे, ही माझी खोड. तेव्हा मामी आत गेल्यावर मी एकटाच त्या 'वत्सल'पाशी बसून राहिलो. वत्स म्हणजे वासरू. वासरासाठी गाईला जो पान्हा फुटतो, ते वात्सल्य. आणि ज्या वाशीमात मी हे लिहीत बसलो होतो, त्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म! वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली याच गावात मिळाला. वत्स ऋषींच्या आश्रमाभोवती देवांचे समूह येऊन राहिले म्हणून वत्सगुल्म, असे इथले लोक सांगतात. एका जुन्या संस्कृत टीकेत मात्र वत्स आणि गुल्म हे दक्षिणेकडचे दोन सख्खे राजपुत्र आहेत आणि त्यांच्या नावावरून या मुलखाला नाव पडले आहे. गुल्माला झुडूप हा एक अर्थ आहे. दुसरा अर्थ सैन्याच्या तुकडीचा. नऊ हत्ती, नऊ रथ, सत्तावीस घोडे आणि पंचेचाळीस पायदळ मिळून एक गुल्म होतो, असे कोशकार बजावून सांगतात. वासरू आणि सैन्याची तुकडी एकाच नावात नांदत असलेल्या या गावात आमचे मामा पस्तीसएक वर्षे राहिले, आणि ही गंमत त्यांना सांगायची माझ्याकडून राहूनच गेली.

त्यांना ती कितपत रुचली असती, कोण जाणे. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले जवान. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ते करणारा, सुरुंग पेरणारा आणि उपसणारा शिपाई. साताऱ्याकडे फौजेत जाण्याचे कुणाला अप्रूप नाही. तिकडच्या अपशिंग्याच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागते. आमच्या वऱ्हाडात मात्र कापूस-तुरीच्या रानातला पोरगा उठून फौजेत गेला की आई महिनाभर जेवत नसे. चीनच्या लढाईनंतर, १९६३ साली, एकोणिसाव्या वर्षी मामा मीटर गेजच्या गाडीने अकोल्याला गेले आणि तिथून मोठ्या गाडीने पुण्याच्या वाटेला लागले. परतले ते १९८१ साली हवालदार होऊन. मधल्या काळात दोन लढाया झाल्या. त्या दोन्हींविषयी त्यांनी आम्हांला एक वाक्य सांगितले आहे. "पूल बांधले, सुरुंग काढले, जेवलो." मुलांनी फारच हट्ट धरला तर ते गोष्ट सांगत, पण ती स्वतःची नसे. ती असे मेजर रामा राघोबा राणे यांची.

राण्यांचे वर्तमानपत्रातून कापलेले एक छायाचित्र मामांनी पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून देवघराच्या शेजारच्या भिंतीला लावले होते. पाहुणे विचारीत, "हे तुमचे साहेब का?" मामा म्हणत, "नाही. पाहिले पण नाहीत. पण आमचेच." सॅपरला सॅपर किती जवळचा असतो, हे मला त्या 'आमचेच' वरून कळले.

ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत धावती ऐकली असेल. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई. त्यांची बदली होईल तिकडे बिऱ्हाड जायचे आणि मुलाची शाळा दर वेळी नव्याने सुरू व्हायची. १९३० च्या चळवळीचे वारे बारा वर्षांच्या रामाच्या अंगात शिरले, तसा पोलिसाच्या नोकरीतला बाप घाबरला आणि बिऱ्हाड उचलून गावी घेऊन आला. पुढे याच मुलाने १० जुलै १९४० रोजी सैन्यात नाव घातले. भरतीच्या तुकडीतला उत्कृष्ट रंगरूट म्हणून त्याला कमांडंटची छडी मिळाली. मामांना या छडीचे भारी कौतुक. गोष्ट सांगताना ते चुलीजवळची फुंकणी काखेत धरून ताठ उभे राहत.

मग ब्रह्मदेश. आराकानच्या मोहिमेत सैन्य माघार घेत होते. बुथिडाँग येथे शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून राणे आणि दोन तुकड्यांना मागे ठेवले गेले. हाताशी असेल ते उद्ध्वस्त करायचे आणि मग नौदलाची बोट येऊन घेऊन जाईल, असे ठरले होते. बोट आली नाही. जपान्यांचा पहारा असलेली नदी आपली आपणच ओलांडून ही मंडळी आपल्या सैन्याला जाऊन मिळाली. इथे मामा हमखास थांबत आणि आमच्याकडे पाहत. "बोट येईल म्हणून बसून राहायचं नाही. समजलं?" सातवीची परीक्षा तोंडावर असलेल्या आम्हां भावंडांना ते नीट समजत असे.

गोष्टीचा गाभा मात्र एप्रिल १९४८ मधल्या चार दिवसांचा. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे सेकंड लेफ्टनंट झाले, म्हणजे खांद्यावरचा तारा अवघा चार महिन्यांचा. काश्मीरची लढाई पेटलेली. १८ मार्चला झांगर परत घेतले होते आणि आता नौशेऱ्याहून राजौरीकडे सरकायचे होते. तिथे माणसे अडकली होती आणि त्यांचे काय होत आहे याच्या ज्या बातम्या येत होत्या, त्या ऐकवत नव्हत्या. रस्ता डोंगराचा. शत्रूने तो जागोजाग तोडला होता, पाइनच्या झाडांचे प्रचंड सोट आडवे टाकले होते आणि मधल्या मातीत सुरुंग पुरले होते. सुरुंग उपसायला आणि अडथळे उडवायला सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीची जी तुकडी दिली, तिचे म्होरके राणे.

८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. तुकडीतले दोघे जागीच ठार झाले आणि पाच जखमी. त्या पाचांत स्वतः राणे. पट्टी बांधून ते पुन्हा मातीत पालथे झाले. सुरुंग उभ्याने काढता येत नाही हे आम्हांला तेव्हा माहीत नव्हते. पोटावर पडून संगिनीचे टोक तिरके धरून इंच इंच जमीन चाचपायची. काही कडक लागले की हात थांबवायचा आणि बोटांनी माती बाजूला करायची. टोक सरळ खाली घालायचे नाही, कारण सुरुंग वरून दाबले जाण्याचीच वाट पाहत असतो. ९ तारखेला बारा तास हे चालले. जिथे सुरुंग निघेनात तिथे बाजूने नवी वाट कोरून रणगाडे पुढे काढले. रणगाड्याच्या पोटाखाली आडवे पडून राणे त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोरी ओढून आतल्या चालकाला थांब, चल अशा खुणा करीत राहिले, असे सांगतात. दोरीचा प्रसंग मामा साभिनय करीत. ते बाजेखाली शिरत आणि बाजेवर बसलेल्या मला पायाला बांधलेल्या सुतळीने इशारे देत. पुढे मी कितीतरी नाटके पाहिली, पण असा नट मला पुन्हा भेटला नाही.

१० तारखेची हकीकत मामा सावकाश सांगत, आणि मला वाटते त्यांची खरी गोष्ट तीच होती. त्या दिवशी पहाटेच उठून राण्यांनी एक मोठा अडसर दोन तासांत काढला. पुढचे हजार यार्ड म्हणजे पाडलेली झाडे आणि फोडलेले कठडे यांची नुसती रास. तीही मशीनगनच्या माऱ्याखाली मोकळी केली. मग रणगाडे रस्ता सोडून नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनच्या सुमारास चिंगसला पोचले. (चिंगस म्हणजे मोगलांची जुनी सराई. काश्मीरहून परतताना १६२७ साली जहांगीर वाटेत वारला, आणि प्रेत लाहोरपर्यंत टिकावे म्हणून त्याची आतडी इथे पुरली असे म्हणतात. हे मी वाचले तेव्हा मामांना सांगितले. ते म्हणाले, "असंल. आपल्याले रस्त्याशी मतलब.") रणगाडे पोचले, आता थांबायला हरकत नव्हती. राणे थांबले नाहीत. अंगावर जखम, पोटात अन्न नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत ते रात्रीपर्यंत मागचा रस्ता साफ करीत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात केली आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत त्यापुढचा. १२ तारखेला आपले सैन्य राजौरीत शिरले.

"पण मामा," आमच्यापैकी कुणीतरी विचारीच, "रणगाडे पुढे गेले होते ना? मग रस्ता कशाला?"

"अरे, रणगाडा काय, नदीतूनही जाते. मागून पीठ कसं येईल? दवाई कशी येईल? जखमी मानूस परत कसा नेसान? पीठाले रस्ता लागते, बावा."

'पीठाले रस्ता लागते' हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे रुळले. महिनाअखेरीला मामी ते मामांनाच ऐकवीत असे.

सरकारी सन्मानपत्रात या चार दिवसांचा हिशेब तासागणिक आहे. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते लागू करण्यात आले. त्या चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकरांनी घडविली. युरोपात जन्मलेली ही बाई लग्नाने महाराष्ट्राची झाली आणि मनानेही. त्याच वर्षी राण्यांना चक्र जाहीर झाले. पुढे १९५५ साली त्यांचे राजेश्वरीबाईंशी लग्न झाले. तीन मुलगे, एक मुलगी. २५ जून १९६८ रोजी मेजर म्हणून निवृत्ती, आणि त्यानंतरही १९७१ पर्यंत फेरनेमणुकीवर काम. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते गेले. सैन्यात नाव घातल्याला त्या दिवशी चौपन्न वर्षे आणि एक दिवस झाला होता. एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले, कारवारच्या समुद्रकाठी पुतळा उभा राहिला आणि २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव लाभले.

शौर्याच्या चार दिवसांना पानभर मजकूर आणि संसाराच्या एकोणचाळीस वर्षांना एक ओळ. तक्रार म्हणून मी हे म्हणत नाही. चरित्रकार तरी काय करणार? अमुक सालच्या अमुक मंगळवारी मेजरसाहेबांनी मुलाची वही शिवली, असे कोणत्या दप्तरात लिहून ठेवतात? पण माझा पेशाच असा, की छापलेल्या ओळींच्या मधली जागा मला खुणावते. सदतिसाव्या वर्षी ज्याने संसार मांडला, ज्याच्या हातांनी त्यापूर्वी मातीतून मरण बोटांनी उकरून बाजूला ठेवले होते, त्या माणसाने पहिले मूल हातात कसे घेतले असेल? राण्यांच्या बाबतीत या प्रश्नाला मी हात घालणार नाही. ती त्यांच्या घरची ठेव आहे. मी माझ्या मामांविषयी बोलू शकतो, तेही थोडे.

१९८६ च्या श्रावणात माझे वडील गेले. मी सात वर्षांचा, बहीण चार. तेराव्या दिवशी मामा बैलगाडी घेऊन आले आणि आईला म्हणाले, "चाल." त्यांची स्वतःची तीन मुले होती. घर दोन खोल्यांचे. हवालदाराचे निवृत्तिवेतन काय असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून पटायचे नाही. मामांनी एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. खाकी कपडे, दुनळी बंदूक, दारापाशी स्टूल. बहुतेक वेळ ते स्टुलाच्या शेजारी उभेच असत.

या स्टुलाची एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे लिहिण्याला अर्थ नाही. पुढे मी शिकायला अमरावतीला गेलो. वसतिगृहात कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे तहसीलदार. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "मामांकडे असतो. मिलिटरीत मेजर होते." भिंतीवरच्या चित्रातला हुद्दा मी उचलून मामांच्या खांद्यावर लावला, आणि तो त्यांच्या मोठेपणासाठी नव्हता, माझ्याचसाठी होता. एका सुट्टीत माझा मित्र न कळविता वाशीमला उतरला. त्याने बँकेत पत्ता विचारला आणि तोही नेमका दारावरच्या पहारेकऱ्याला. "मेजरसाहेबांचे घर कुठे?" भाच्याचे नाव ऐकल्यावर मामांना सारे क्षणात उमगले असणार. जेवणाच्या सुट्टीत ते त्याला स्वतः घरी घेऊन आले. मी दारात उभा, आणि माझ्या पायांखाली जमीन नाही. मामा आत शिरता शिरता मित्राला म्हणाले, "आमच्याकडे रिवाजच आहे बाबू. पेन्शनीत आला का सगळे त्याले मेजरच म्हंतात. शिपाई असो का सुभेदार." मग मामीला चहा ठेवायला सांगून बंदूक खुंटीला टांगायची म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

खरेच, आपल्याकडे गावोगाव निवृत्त फौजींना मेजर म्हणतात. ते खोटे बोलले नाहीत आणि मलाही खोटे पडू दिले नाही. त्या दिवसानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. क्षमा मागावी असे तीस वर्षे मनात होते. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या उशाशी बसून मी विषयाच्या जवळपर्यंत गेलोही होतो, पण त्यांनी विचारले, "पंखा जोरात आहे का रे, तुले वारा लागते का?" आणि ते राहिलेच.

आणखी एक आठवते. उन्हाळ्यात आम्ही सारी मुले अंगणात बाजा टाकून झोपत असू. संडास अंगणाच्या पार टोकाला. वीज जाण्याला त्या वर्षांत वेळकाळ नव्हता. रात्री उठायचे म्हणजे धाकट्यांच्या पोटात गोळा. मामा रोज संध्याकाळी भिजवलेला चुना डब्यात घेत आणि बाजांपासून त्या टोकापर्यंत दोन समांतर पांढऱ्या रेघा ओढीत. अंधारातही त्या अंधुक दिसत. "या दोन रेघांच्या मधून जायचं. इकडेतिकडे पाय टाकायचा नाही. विंचूकाटा असते." आम्ही सारे त्या रेघांमधून निर्धास्त जात असू. सुरुंग काढून झालेली वाट पांढऱ्या पट्ट्या अंथरून आखतात आणि मागून येणारे सैन्य त्या पट्ट्यांच्या मधून चालते, हे मी कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात वाचले. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो होतो.

तेरवी झाल्यावर मामीने ट्रंक उघडायला सांगितली. काळी पत्र्याची ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर. आत सेवापुस्तक, फितीसकट पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, राण्यांच्या निधनाचे कात्रण, आणि सुतळीने बांधलेला एक जाड गठ्ठा. आम्हांला वाटले पत्रे असतील. त्या मनीऑर्डरच्या पोचपावत्या निघाल्या. १९६४ पासून १९८१ पर्यंतच्या, महिन्यामागून महिना. पैसे आजीच्या नावे येत. प्रत्येक पावतीवर आजीचा अंगठा आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझ्या आईची सही. पहिल्या पावतीवरची अक्षरे बारा वर्षांच्या मुलीची, ओळीबाहेर पडलेली, 'श' उलटा वळलेला. पुढे ती सुधारत जातात. आईचे सारे शिक्षण त्या गठ्ठ्यात वाचता येते. माझी आई असे लिहीत होती, हे मला माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी मामांच्या ट्रंकेतून कळले.

बहुतेक पावत्या चाळीस रुपयांच्या. नोव्हेंबर १९७१ ची मात्र साठांची. मी आईला विचारले. तिला लगेच आठवले. कुपनावर मामांनी लिहिले होते, पुढच्या महिन्यात पाठवायला जमले नाही तर यात भागवा. घरात तेव्हा कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. आजीने त्या जादा वीस रुपयांत गहू भरून ठेवला. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली तेव्हा कुठे आईला ते कुपन पुन्हा काढून पाहावेसे वाटले.

गठ्ठ्यात दर दिवाळीच्या सुमारास एक पावती जास्तीची आहे. ती भाऊबिजेच्या ओवाळणीची. अकरा रुपये, नंतर एकवीस. ती मात्र थेट आईच्या नावे.

भाऊबीज म्हटले की मला १९८६ ची दिवाळी दिसते. वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते. घरात कुणी सणाचे नाव काढत नव्हते. भाऊबिजेच्या संध्याकाळी मामांनी स्वतः पाट मांडला, टोपी घातली आणि बसले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हलकेच सुचविले की यंदापासून तिने ओवाळणे बरे दिसत नाही, रीत नव्हे. मामांनी तिकडे मान वळविली नाही. एवढेच म्हणाले, "ताट आण." आई रडत होती. ते पाटावर बसून राहिले. किती वेळ, ते मला नाही सांगता येणार. लहानपणी वेळ लांबच असतो. पण दिव्यात दोनदा तेल घालावे लागले, हे माझ्या लक्षात आहे. शेवटी आई ताट घेऊन आली. त्यानंतर एकही भाऊबीज चुकली नाही.

निवेदन अखेर मामीच्या म्हणण्याप्रमाणे छापले गेले. 'घरच्या माणसांवर माया करणारे.' छापखान्यातल्या मुलाने मला फोन करून विचारले, "सर, इथे कुटुंबवत्सल घालू का? नेहमीचा तोच आहे." मी नको म्हणालो.

परवा आईकडे गेलो होतो. ती अंगणात बसून वाती वळीत होती. तिच्या गुडघ्यांनी आता पाट सोडला आहे. यंदाच्या भाऊबिजेचे मी भीत भीतच काढले.

"चंद्राले ओवाळीन," ती म्हणाली. "काही नवं हाय का मले? तो मिलटरीत होता तवा दरसालच चंद्राले ओवाळत होते. ह्याच अंगणात येऊन."

"ते अंगण हे नव्हे आई. ते गावाकडचे."

"असंल," ती म्हणाली आणि वाती मोजू लागली.